अर्ध्या टँकरचं गणित

त्या दिवशी सकाळीच ऊन असं तापलं होतं, की ओट्यावर ठेवलेला पितळी तांब्या हातात धरवेना. वारा होता, पण तो या प्लॉटवरचा फुफाटा उचलून त्या प्लॉटवर टाकण्यापुरता. जायकवाडीच्या बाजूनं एक ढग आला, आमच्या कॉलनीवर जरा थांबला, अन् पुढारी उद्घाटनाला येऊन जातो तसा निघून गेला.

नळाला पाणी नाय, घरात लाईट नाय, अशा दिवशी माणूस करणार काय? ओट्यावर बसतो. अन् ओट्यावर बसलं की किस्से जमतात. पाणी साठवायचं तर टाकी लागते, ड्रम लागतात, शेजाऱ्याशी भांडण लागतं. किस्स्यांना यातलं काही लागत नाय. ते आपोआप साचतात, अन् उन्हानं आटतबी नाहीत.

माझ्याकडं साचलेत ते बहुतेक वरच्या मजल्याचे. हर्सूलच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्याला, जिथं मी जवानीत मेंढरं चारली तिथंच आता माझं घर आहे. तेव्हा तिथं गवत होतं अन् जागेला नाव नव्हतं. आता गवत नाय, पण नाव आहे: हिरवाई पार्क! शाळेशी माझा संबंध एवढाच, की दुपारी तिच्या भिंतीच्या सावलीला मी मेंढरं बसवायचो. अक्षरं मला म्हातारपणी नातीनं शिकवली. अशा माणसाच्या डोक्यावर देवानं काय आणून ठेवावं? गणित करणारी तीन पोरं!

वैदेही, प्रसाद अन् किरण. सकाळी यायची, संध्याकाळी आपापल्या घरी जायची. त्यांचं काम वैदेहीनं मला सांगितलं तसंच सांगतो. जगात एक गणिताचं सॉफ्टवेअर आहे. ते आकड्यांचं नाय, अक्षरांचं गणित करतं. त्याला सांगायचं, बाबा, इथं एक दांडी आहे, इथं बिजागरी, इथं चाक. मग ती वस्तू कशी हलंल, त्याचं समीकरण ते आपणहून मांडतं. यंत्र बनवायच्या आधीच पडद्यावर हलवून बघता येतं. हे सॉफ्टवेअर फुकट असतं. कुणीबी घ्यावं, अन् कुणीबी दुरुस्त करावं. ही तिघं ते दुरुस्त करायची.

वैदेहीची एक मोठी दुरुस्ती होती. यंत्र मोठं असलं की समीकरण मांडता मांडता ते सॉफ्टवेअर बसकण मारायचं. तिनं त्याला उठून चालायला लावलं होतं. पण अशी दुरुस्ती आपली आपण आत घालता येत नाय. परदेशात काही थोर मंडळी बसलेली असतात. ती ओळ न् ओळ वाचतात अन् मग 'घेतली' म्हणतात, किंवा म्हणत नाहीत.

वैदेहीच्या वडलांची अट होती. खोल्यांचा अकरा महिन्यांचा करार त्यांच्या नावावर. तो संपायच्या आत दुरुस्ती घेतली गेली तर पोरीनं हेच काम करावं. नाय गेली तर पुण्याच्या कंपनीत नोकरी, मुकाट्यानं.

तो करार त्या दिवशी संपत होता. थोरांकडून काही कळलं नव्हतं. दुपारी सामान न्यायला टेम्पो येणार होता. म्हणून मी ओट्यावर बसून होतो, अन् एकेक आठवत होतं.

*

तिघं पहिल्यांदा खोल्या बघायला आली, तेव्हा आमच्या म्हातारीनं सरळ विचारलं, "तुम्ही करता काय?"

वैदेही सांगणार तेवढ्यात प्रसाद बोलला. प्रसादला बोलायला माणूसच समोर लागतो असं नाय, भिंत असली तरी भागतं.

"आजी, आम्ही झोके हलवतो. एका झोक्याला दुसरा झोका बांधायचा, दुसऱ्याला तिसरा. मग बघायचं, कोणता कुठं जातो!"

म्हातारीनं वर छताकडं बघितलं.

"हलवा बापू. पण स्लॅबला कडी ठोकायची नाय!"

या अटीवर खोल्या दिल्या. अन् खरं सांगतो, पोरांनी शब्द पाळला. अकरा महिने झोके हलवले, पण भिंतीत एक खिळाबी ठोकला नाय!

*

वैदेहीच्या दुरुस्तीची पहिली परीक्षा अशी होती: जुन्या रीतीनं मांडलेलं समीकरण अन् तिच्या रीतीनं मांडलेलं, दोन्ही एकच आहेत का बघायचं. एकातून दुसरं वजा करायचं अन् सॉफ्टवेअरला हुकूम द्यायचा, 'आता हे सोपं कर.'

मी आयुष्यात लई हुकूम बघितले. यासारखा अवघड हुकूम बघितला नाय! 'सोपं कर' म्हणलं की कॉम्प्युटर तापतो, त्याचा पंखा कण्हायला लागतो, अन् पडद्यावर काही म्हणजे काही येत नाय.

सकाळी हुकूम दिला. संध्याकाळ झाली. आमचे शेजारी रज्जाकभाई कंपाऊंडच्या भिंतीवरून डोकावले. रज्जाकभाई कॉलनीला पाणी आणतात, टँकर त्यांचा स्वतःचा.

"क्या आबा, उप्पर क्या चल रा? बच्चे चक्की डाले क्या?"

"गणित सोपं करायलेत," मी म्हणालो.

"सोपे को इत्ता टाइम?"

तेव्हा किरण बोलला. हा किरण म्हणजे प्रसादच्या उलट. चहा पाहिजे का विचारलं तर मान हलवणार, ती हो म्हणून का नाय म्हणून ते आपण ओळखायचं. तो म्हणाला, "पैज लावू. नळाला पाणी आधी येतं का आमचं उत्तर."

रज्जाकभाईनं नळ घेतला, किरणनं उत्तर घेतलं. नळ तेव्हा आठवड्यात कधी यायचा त्याचा त्याला ठाऊक. तरी नळच आधी आला! रज्जाकभाईनं चहा पिला. मधी लाईट गेली, म्हणून पोरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नळ आणखी एकदा येऊन गेला. रज्जाकभाईनं आणखी एक चहा पिला. अन् मग एक दिवस वरून आरडाओरडा झाला, "आलं! आबा, आलं!"

मी बादली घेऊन जिन्याकडं पळालो.

"पाणी नाही हो आबा, उत्तर आलं!"

"काय आलं?"

"शून्य!"

अन् तिघं नाचायलीत! म्हणलं, इतके दिवस वाट बघून शून्य आलं, तर नाचता काय?

वैदेही म्हणाली, "आबा, शून्यच यायला हवं होतं. म्हणजे दोन्ही समीकरणं एकच आहेत. आमचं बरोबर आहे!"

मी बादली खाली ठेवली.

"मग आमचा नळ तुमच्यापेक्षा हुशार म्हणायचा. तो रोज हेच उत्तर देतो, अन् कण्हतबी नाय!"

*

मग थोर मंडळींचा निरोप आला: दुरुस्ती बरी दिसते, पण तिच्याबरोबर एखादं खरं उदाहरण जोडा.

म्हणे कुणी यंत्रमानव जोडतं, कुणी सायकल, कुणी आभाळातला उपग्रह. वैदेहीनं खिडकीतून बाहेर बघितलं. आमच्या गल्लीत एकच यंत्र हलत होतं: रज्जाकभाईंचा टँकर.

टँकरनं ब्रेक मारला की आतलं पाणी हिंदकळतं. ते पाणी म्हणजे टाकीत टांगलेला झोका आहे असं धरायचं, मग समीकरण मांडता येतं, असं तिचं म्हणणं. तिनं हे रज्जाकभाईंना सांगितलं. ते दचकले.

"झूला? मेरे टँकर में? बेटा, परसोंच अंदर उतर के धोया मैं. कुछ नै था!"

पण खरी गंमत पुढंच आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. म्हणून पोरांनी त्यांना गळ घातली, की उद्या टँकर अर्धाच भरून आणा. गल्लीच्या तोंडाशी कचकन ब्रेक मारा. आम्ही व्हिडिओ काढतो, अन् पडद्यावरचं पाणी तसंच हलतं का ते ताडून बघतो. रज्जाकभाई भला माणूस. 'बच्चों का काम है' म्हणून अर्धा भरून आणला.

इंजिनिअर लोकांना पाण्याचा झोका दिसतो. पण टँकरची वाट बघत ड्रम घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसत नाहीत! दुष्काळाचं दुसरं वर्ष. सकाळपासून रांग लागलेली.

टँकर आला. ब्रेक लागला. आत पाणी 'धप्प' करून पुढं गेलं अन् 'धप्प' करून मागं आलं. असा आवाज अर्ध्या टाकीचाच असतो, हे त्या गल्लीत न कळणारी माणसं तीनच होती, अन् ती मोबाईल धरून उभी होती.

रांगेत पुढं समोरच्या घरातली शांताबाई. तिनं कमरेला पदर खोचला.

"रज्जाकभाई, बाकीचं पाणी कुठं इकलं?"

"अल्ला कसम ताई, नै बेच्या! ये लडकीच बोली आधा लाओ!"

सगळी रांग वैदेहीकडं वळली. दुसरं कुणी असतं तर माफी मागून घरात पळालं असतं. पण ही पोरगी शिकलेली. ती समजावून सांगायला लागली!

"काकू, त्याचं काय आहे, टाकी अर्धी असली ना, की पाणी जास्त हलतं."

शांताबाई म्हणाली, "आमचं डोकंबी अर्ध्या टँकरनंच हलतंय बाई. घे, त्याचाबी काढ व्हिडिओ!"

रज्जाकभाईंना त्या दिवशी दुसरी खेप करावी लागली, काठोकाठ. अन् त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी टँकर लावला, की बायका पाईप हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "आज पाणी पुरं हाय, का गणिताचं?"

*

तो टँकर पडद्यावर हलता करायचं काम प्रसादनं घेतलं. झाल्यावर आधी कुणाला दाखवावं? आमच्या म्हातारीला. ती भाकरी थापत होती. त्यानं तिच्यासमोर लॅपटॉप धरला.

पडद्यावर निळा टँकर आला. ब्रेक लागला. अन् टाकीतलं सगळं पाणी उठलं ते सरळ आभाळात गेलं!

प्रसादनं घाईघाईनं आपलं लिहिलेलं तपासलं. पृथ्वी खाली ओढते असं लिहायचं, तिथं गड्यानं वर ओढते असं लिहून ठेवलं होतं.

म्हातारीनं भाकरी तव्यावर टाकली. "तरीच!"

"काय तरीच, आजी?"

"दोन वर्षं झाली, मी म्हणतीय पाऊस खाली का येईना. तुम्ही वर बसून हे धंदे करता व्हय!"

*

उदाहरण जोडून दुरुस्ती परत पाठवली. लई दिवसांनी थोरांचं उत्तर आलं. सगळे जमलो. वैदेहीनं वाचून मराठीत सांगितलं, "काम फार सुंदर आहे. फक्त एका ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त सुटली आहे. ती काढावी."

बस्स, एवढंच!

प्रसाद उसळला. "आबा, या शहरात बिल्डरांनी एक रिकामी जागा शिल्लक ठेवली नाय, अन् यांना आमच्या ओळीत सापडली!"

वैदेहीचा चेहरा उतरला होता. मी म्हणालो, "पोरी, मेंढरांच्या बाजारात गिऱ्हाईक नापसंत बकऱ्याकडं वळूनबी बघत नाय. पसंत पडलं, की मग शेपटीत खोट काढतं. यांनी शेपटीपासून सुरुवात केली, म्हणजे धड पसंत आहे!"

ती हसली. रिकामी जागा काढली. तर दुसरे एक थोर जागे झाले! त्यांना समीकरणातलं एक अक्षर खटकलं. वैदेहीनं बदललं. ते पहिल्या थोरांना खटकलं. तिनं परत पहिलं घातलं. मग त्या दोघांचं जुंपलं. पण भांडण कसं? अत्तर लावलेलं! आमच्याकडं एवढ्यात बांधावर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. ते आपले एकमेकांचे आभार मानायलेत.

प्रसाद मला उलगडून सांगायचा. "आबा, 'कदाचित मी चुकत असेन' म्हणजे 'तू चुकतोयस'. 'ही आपली एक सूचना' म्हणजे 'हे केल्याबिगर पुढं जाऊ देणार नाय'."

"अन् 'सवडीनं बघून कळवतो' म्हणजे?" मी विचारलं.

उत्तर किरणनं दिलं. "म्हणजे आपला नळ!"

*

करार संपत आला, तेव्हा वैदेहीचे वडील शहरातल्या छावणी भागातून, आपल्या घरून, रिक्षानं आले. सरकारी कचेरीत कारकून होते, आता पेन्शनर. यांचा आजा भिक्षुकी करायचा, म्हणून बोलणं शुद्ध, अन् कचेरीत हयात गेली, म्हणून शर्टाला इस्त्री. चढत्या उन्हातबी इस्त्री मोडली नव्हती. खुर्चीवर बसले अन् पोरीची चौकशी सुरू केली.

"तुझे साहेब कोण?"

"कुणी नाहीत, बाबा."

"मग रजा कोण मंजूर करतं?"

"कुणीच नाही. नसेल जमत तर यायचं नाही."

"बढती?"

"नाही."

"बदली?"

"नाही."

त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. दुष्काळ बघून पेला अर्धाच ठेवला, एवढा सभ्य माणूस.

"साहेब नाही, रजा नाही, बढती नाही, बदली नाही. मग तुम्ही दिवसभर तक्रार तरी कशाबद्दल करता?"

प्रसाद म्हणाला, "नळाबद्दल!"

त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाय. चष्मा लावला अन् थोरांचे शेरे वाचायला घेतले. गणित त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. पण शेरे? शेऱ्यांत हयात गेलेली! पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

"हम्. शेऱ्यावर शेरा, त्यावर परत शेरा. नामंजूर करायच्या फायलीवर कुणी इतकी शाई खर्च करत नाही, वैदेही. ती नुसती टेबलाखाली सरकवतात."

मी बकऱ्यात बघितलं तेच त्यांनी फायलीत बघितलं! पोरीचा चेहरा फुलला. "म्हणजे थांबू ना मी, बाबा?"

"थांब की. करार संपेपर्यंत. फाईल फिरते आहे म्हणून तारीख पुढे जात नसते!"

*

तर त्या दिवशी दुपारी टेम्पो आला. मागून रिक्षानं तिचे वडील आले, तीच इस्त्री.

टेबलं खाली आली. खुर्च्या आल्या. किरण उचलून देत होता. प्रसाद गप्प होता, अन् त्याचं गप्प बसणं बघून आमची म्हातारी दोनदा विचारून गेली, की ऊन लागलं का रे बाबा तुला? वर खुर्ची सरकल्याचा आवाज नाय, पंख्याचं कण्हणं नाय. मला माझंच घर कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं.

वैदेही मोबाईल घेऊन खाली आली अन् माझ्या शेजारी ओट्यावर बसली.

"नाही आलं, आबा."

बाजारातलं गिऱ्हाईक शेपूट बघून बघून निघून गेलेलंबी मी बघितलंय. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. वडील म्हणाले, "चल, वैदेही."

ती उठली. पदर नसतो या पोरींना, म्हणून ओढणीनं तोंड पुसलं. टेम्पोपाशी गेली, अन् मोबाईल वाजला. तिनं बघितलं. मोबाईल वडलांच्या हातात दिला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. भर उन्हात उभं राहून, कचेरीचा हुकूम वाचावा तसं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग चष्मा काढून पुसला. परत लावला. परत वाचलं.

"घेतली म्हणतायत," ते म्हणाले. "उदाहरणासकट."

मग टेम्पोवाल्याकडं वळून म्हणाले, "उतरवा सामान!"

"साहेब, अजून चढवतोय!"

"तेच म्हणतो. उतरवा!" अन् मला हळूच, "आबा, नव्या कराराला स्टॅम्पपेपर इकडे कुठे मिळतो?"

आमची म्हातारी दारातूनच ओरडली, "करार करा, पण स्लॅबला कडी नाय!"

प्रसादला वाचा फुटली. तो गल्लीभर पळाला. रज्जाकभाई नुकतेच टँकर लावून उभे होते, बायका ड्रम सरकवत होत्या. प्रसादनं त्यांचा हात धरून ओढतच आमच्या ओट्यापाशी आणलं.

"रज्जाकभाई, तुमचा टँकर आत गेला! कायमचा! आता जगात कुठंबी, अमेरिकेत म्हणा, जपानात म्हणा, कुणी हे उदाहरण चालवलं की पडद्यावर तुमचा टँकर येऊन ब्रेक मारणार. नावबी तुमचंच घातलंय, रज्जाकचा टँकर!"

रज्जाकभाई खूश झाले. ओले हात पायजम्याला पुसले अन् मोबाईल दोन्ही हातांत धरला. निळा टँकर आला, ब्रेक लागला, पाणी पुढं गेलं, मागं आलं. या वेळी आभाळात गेलं नाय. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत बघितलं. बघता बघता त्यांचं हसू उतरत गेलं. त्यांनी एकदा मागं वळून बायकांच्या रांगेकडं बघितलं, शांताबाईकडं बघितलं, अन् माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"आबा, पूरी दुनिया में भेजना था तो भर के तो भेजते! अब उधर की औरतां बी मेरेकुच पूछतीं, बाकी का पानी किधर बेच्या?"